नाडी चुकली तर वेळ चुकवू नका

(संस्थेच्या आरोग्य शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आरोग्य या विषयावर बोलण्यासाठी आम्हांस उभे केले, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकून. आमचा रोजचा संबंध नोटांशी, व्हाऊचरशी आणि पासबुकांशी. परंतु आमच्या घरात हृदयाचे ठोके दोनदा चुकले. पहिल्या वेळी आम्ही उशीर केला, दुसऱ्या वेळी केला नाही. या दोहोंत किती अंतर पडले, ते आपणांस सांगावे एवढ्यासाठी उभे आहोत. औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही. वेळेविषयी बोलण्याचा मात्र आहे, कारण ती आम्ही गमावलेली आहे.

अक्काची हकिकत

आमची थोरली बहीण, अक्का, आमच्याहून सहा वर्षांनी मोठी. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांच्या घरात आम्ही आठ माणसे राहत होतो. १९८४ साली अक्का अकरा वर्षांची असताना तिचा घसा दुखला, ताप आला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, ताप गेला. दोन-तीन आठवड्यांनी तिचे गुडघे सुजले. ते उतरतात तोच घोटे सुजले, मग कोपर. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी दर एकवीस दिवसांनी घ्यायचे पेनिसिलीनचे इंजेक्शन लिहून दिले आणि ते पुष्कळ वर्षे घ्यावे लागेल असे बजावले. इंजेक्शन फार दुखत असे. वडील रोजंदारीवर, त्यांचा त्या दिवशी खाडा पडे. चार-पाच महिन्यांत अक्का पूर्ववत खेळू लागली आणि घरच्यांनी इंजेक्शन बंद केले. पोर हसते-खेळते आहे, मग टोचायचे कशाला, असा साधा विचार.

तो संधिवाताचा ताप होता. घशातील एका जंतूशी लढताना शरीराची संरक्षणाची यंत्रणा स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, परंतु झडपांवर व्रण राहतात. घसा पुन्हा पुन्हा बिघडला की व्रणावर व्रण पडत जातात. इंजेक्शन असते ते याच साठी. बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा ताप येतो, आणि दाटीवाटीच्या घरांत त्याचे जंतू सहज पसरतात. म्हणून हा आजार आपल्यासारख्यांच्या वस्त्यांत अधिक आढळतो.

आम्हांला बाराखडी अक्काने शिकवली. तिचा आवाज खणखणीत होता. वस्तीतल्या बायकांची पत्रे ती वाचून दाखवी आणि उत्तरेही लिहून देई. पुढे तिचे लग्न झाले, दोन मुले झाली. २०१० सालच्या पावसाळ्यापासून ती म्हणू लागली, "काळजात पाखरू फडफडल्यावानी होतंय रे." कधी तासभर, कधी रात्रभर. दोन घागरी पाणी आणले तरी दम लागे. घरात ज्याने त्याने आपापले निदान केले. आई म्हणाली अशक्तपणा, दाजी म्हणाले पित्त, शेजारच्या एका बाईंनी नजर लागली असे ठरवले. एका खाजगी दवाखान्यात दाखवले. तेथे छातीला नळी न लावताच पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि मनाला लावून घेऊ नका, असा सल्ला मिळाला. एकदा कार्डिओग्रामही काढला, पण तो फडफड थांबल्यानंतर, दुसऱ्या दिवशी. ठोके नियमित आहेत, असे सांगण्यात आले. त्या कागदाने आम्ही निर्धास्त झालो.

अक्काने आम्हांस दोन वेळा सांगितले, "मला एकदा मोठ्या दवाखान्यात ने." पहिल्या वेळी आम्ही म्हणालो, महिनाअखेर होऊन जाऊ दे. दुसऱ्या वेळी मार्चअखेर आली होती. आम्ही म्हणालो, "अक्का, क्लोजिंग झालं की रजा टाकतो." बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्ही या सभागृहात मुद्दाम उच्चारतो आहोत. शिकलेल्या, नोकरदार भावाचे हे वाक्य आहे.

क्लोजिंग झाले. एप्रिल २०११च्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी पहाटे चारच्या सुमारास अक्का पाणी प्यायला उठली. तांब्या हातातून सुटला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. दाजींचा फोन आला तेव्हा आम्ही म्हणालो, "हाताला तेल लावा, उजाडलं की निघू." १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्या काळी महाराष्ट्रात नव्हती, ती २०१४ साली सुरू झाली. जीप मिळेपर्यंत नऊ वाजले. आधी गावातच एके ठिकाणी सलाईन लावण्यात दोन तास गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "सुरू केव्हा झालं?" आम्ही म्हणालो, पहाटे चारला. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुम्हाला नऊ तास झाले."

अक्का वाचली. औषधांनी गुठळी गेल्यावर काही महिन्यांनी तिची अरुंद झालेली झडप फुग्याच्या साहाय्याने रुंद करण्यात आली. ही पद्धत जपानच्या डॉ. इनोऊए यांनी १९८४ साली वैद्यकीय जगापुढे मांडली होती, म्हणजे अक्काचे गुडघे सुजले त्याच वर्षी. उपाय जगात होता, आम्ही त्याच्यापर्यंत वेळेवर गेलो नाही. आज अक्काने पन्नाशी ओलांडली आहे. ती काठी घेऊन चालते, डाव्या हाताने घरातली कामे उरकते. पण शब्द तिला सापडत नाहीत. जिने आम्हांला बाराखडी शिकवली, तिला घेऊन आम्ही बाराखडी गिरवायला बसलो. 'क'पासून सुरुवात केली. ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली.

ठोका चुकतो म्हणजे काय होते?

हृदयाचा ठोका आपोआप पडतो, कारण उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याचा शोध १९०७ साली कीथ व फ्लॅक या दोघांनी लावला. तेथून विजेची सूक्ष्म लहर निघते, ठरलेल्या वाटेने खाली जाते आणि हृदय आकुंचन पावते. विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके झाले. यात एखादा ठोका मागे-पुढे झाला तर बहुतेक वेळा धोका नसतो. जागरण, चहा, काळजी यांनीही तसे होते. परंतु आपला ठोका बिनधोक्याचा की धोक्याचा, हे घरी बसून ठरवता येत नाही. दाजींनी ठरवले, आईने ठरवले, आम्हीही ठरवले, आणि सगळे चुकलो.

सर्वसाधारण माणसाने तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार अक्काचा. यात वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसते थरथरतात. नाडी कशीही पडते, कधी भरभर, कधी थांबून, कधी दमदार, कधी क्षीण. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. असे ठोके असणाऱ्यास पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, आणि मायट्रल नावाची झडप अरुंद असेल तर त्याहूनही पुष्कळ अधिक. झडप चांगली असलेल्यांतही वाढते वय, रक्तदाब, थायरॉईडचा विकार, दारू यांमुळे हा प्रकार उद्भवतो.

दुसऱ्या प्रकारात हृदयातील विजेला जन्मतःच एक जास्तीची वाट असते. लहर तिच्यातून गोल गोल फिरू लागते. बटण दाबावे तशी धडधड एकदम सुरू होते आणि तशीच एकदम थांबते. तरुणांतही हे आढळते.

तिसऱ्या प्रकारात खालचे कप्पेच नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही, माणूस जागीच कोसळतो. येथे हिशोब मिनिटांचा असतो. छाती दाबणे व विजेचा झटका देणे यांवाचून जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करते.

आमची स्वतःची हकिकत

मार्च २०१७. नोटाबंदीनंतरचे ते वर्ष, काउंटरवर गर्दी. दुपारी पावणेतीन वाजता आमच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. ठोके गळ्यात जाणवू लागले, हातांना घाम सुटला. पहिला विचार मनात आला तो असा, की कॅश जुळवून मगच उठावे. शेजारच्या काउंटरवरील बाईंनी विचारले, "चेहरा असा का झालाय?" आम्ही म्हणालो, "पित्त असेल." तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि आम्हांला दाजींचा आवाज ऐकू आला.

आम्ही एका चिठ्ठीवर वेळ लिहिली, २.४५. ड्रॉवरला कुलूप घातले, हेड कॅशिअरला बोलावून किल्ली त्यांच्या हाती दिली. स्कूटरची किल्ली मात्र खिशातच ठेवली. शिपाईमामांनी रिक्षा आणली व स्वतः बरोबर बसले. वीस मिनिटांत कार्डिओग्राम निघाला. ठोके मिनिटाला १९० होते. डॉक्टरांनी आधी श्वास कोंडून जोर करायला लावला, लगेच आडवे करून पाय वर धरले. त्याने थांबले नाही, तेव्हा शिरेतून एक इंजेक्शन दिले. पाच-सहा सेकंद असे वाटले की आता सारे संपले. आणि मग ठोके नेहमीच्या चालीवर आले.

डॉक्टर म्हणाले, "धडधड चालू असताना आलात, म्हणून कागदावर सापडली. थांबल्यावर आला असता तर मला काही दिसलं नसतं." आम्हांला अक्काचा तो बरा निघालेला कार्डिओग्राम आठवला. तीन महिन्यांनी जांघेतील शिरेतून तार नेऊन ती जास्तीची वाट जाळून बंद करण्यात आली. दोन दिवसांनी घरी आणि पुढच्या आठवड्यात काउंटरवर. त्यानंतर आजतागायत तशी धडधड झालेली नाही. आम्ही अक्कापेक्षा शहाणे होतो असे नाही. तिच्या वाट्याला जे आले, ते पाहून आम्ही वेळेवर उठलो.

बँकेत एक नियम आहे. कॅशमधील फरक त्याच दिवशी शोधायचा. माणसे समोर असतात, व्हाऊचर समोर असतात. उद्यावर टाकले की पुरावा हातचा जातो. हृदयाचे तसेच आहे. चुकलेल्या ठोक्याचा पुरावा ठोका चुकत असतानाच मिळतो. कार्डिओग्रामचे यंत्र तयार करणारे हॉलंडचे आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज ते यंत्र तालुक्याच्या गावीही आहे. त्याच्यापर्यंत चालू धडधड घेऊन जाणे, एवढे आपले काम.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. धडधड सुरू होताच घड्याळ पाहा व वेळ लिहून ठेवा. ठोके विजेच्या झटक्याने किंवा औषधाने लगेच पूर्ववत करावेत, की आधी काही आठवडे रक्त पातळ करण्याचे औषध द्यावे, हे पुष्कळदा धडधड सुरू होऊन किती तास झाले यावर ठरते.

२. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. आकडा आणि चाल, म्हणजे नियमित की अनियमित, दोन्ही लिहा.

३. धडधडीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, घेरी येणे, शुद्ध हरपणे किंवा दरदरून घाम येणे यांपैकी काहीही असेल, तर तात्काळ १०८ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका.

४. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही खूण दिसली तर उजाडण्याची वाट पाहू नका. तेल चोळू नका, तोंडात पाणी किंवा औषध घालू नका. सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. वाटेतल्या सलाईनमध्ये आमचे दोन तास गेले, हे विसरू नका.

५. वाटेत धडधड थांबली तरी परत फिरू नका. त्या वेळचा कार्डिओग्राम बरा निघाला तर डॉक्टरांना विचारा, की चोवीस तास ठोके टिपणारे होल्टर यंत्र लावावे का, इको काढावा का, थायरॉईड, हिमोग्लोबिन व पोटॅशियम तपासावे का.

६. कार्डिओग्रामची झेरॉक्स काढून ठेवा. तो कागद काही काळाने पुसट होतो. जुना कागद नव्या डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

७. रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका. वॉरफरिन असेल तर ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी करा आणि अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. पालेभाजी सोडण्याचे कारण नाही, प्रमाण मात्र रोजच्यासारखे ठेवा. घरातील तरुण स्त्री ही गोळी घेत असेल, तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण तिचा गर्भावर दुष्परिणाम होऊ शकतो.

पैशाची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. परंतु २०१२ साली सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्यास भेटावे. रेशनकार्ड, आधारकार्ड एका पिशवीत तयार असावे. मात्र कागद शोधण्यापायी रुग्णाला थांबवू नये. कागद घेऊन मागून दुसरा माणूस येऊ शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन कामे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाची नाडी मोजा, आजीची आधी. आणि वर्गातील एखाद्याचा घसा दुखून मागाहून सांधे सुजले, तर तुमच्या शिक्षकांना व त्याच्या आईवडिलांना सांगा, की हे हृदयाचे दुखणे असू शकते. ज्याला एकवीस दिवसांचे इंजेक्शन लिहून दिले आहे, त्याला ते दुखते म्हणून चुकवू देऊ नका. सोबत जा.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, रात्री कार्डिओग्राम कोठे निघतो, सी.टी. स्कॅन कोठे आहे आणि वस्तीत कोणाची गाडी मिळेल, हे सभागृहाच्या फलकावर ठळक लिहावे. दोन, एकवीस दिवसांच्या इंजेक्शनांची एक वही ठेवावी. बँकेत हप्त्याच्या तारखा लिहितात तशा मुलांच्या तारखा लिहाव्यात. ती वही सांभाळण्याचे काम आम्ही आजपासून अंगावर घेतो. तीन, सोबतीला जाणाऱ्या दोन सभासदांची नावे दर आठवड्याला ठरवावीत. घरातली बाई "छातीत कसंतरी होतंय" म्हणते, तेव्हा कोणाची मजुरी असते, कोणाची परीक्षा, कोणाची मार्चअखेर. सोबत नाही म्हणून ती थांबते, आणि तिच्या थांबण्याची आपल्याला सवय झालेली आहे.

बँकेचे क्लोजिंग त्या वर्षीही वेळेवर झाले. आम्ही रजेवर असतो तरी ते झालेच असते. काउंटरवर दुसरा कोणीतरी बसला असता. अक्काचा भाऊ म्हणून जायला मात्र दुसरे कोणी नव्हते.

आज सकाळी निघताना अक्काने आमची नाडी धरली. रोज धरते. ओठ हलवून मोजते, आकडा तिला सांगता येत नाही. मोजून झाले की हात सोडते आणि मान हलवते, म्हणजे ठीक आहे, जा. आपण सर्वांनी आपल्या माणसाचा हात असा एकदा हाती घ्यावा आणि ठोका चुकलेला आढळला तर उद्यावर टाकू नये, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

जयभीम.